स्वतःला आवतन

(कार्तिकातल्या काकड्याच्या समाप्तीला अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मारुतीच्या पारासमोर, एका निवृत्त परिचारिकेने केलेलं भाषण. बोली राहू देऊन थोडं संपादित केलं आहे.)

जयगुरु.

मंडळाच्या भाऊंनी फळ्यावर विषय लिहिला आहे : ‘आत्म्याशी पुन्हा नातं : आध्यात्मिक उपचार आणि स्वतःवरचं प्रेम’. वाचून मला घामच फुटला. मी ३१ वर्षं उपकेंद्रावर सुया टोचल्या, बाळंतपणं केली, रजिस्टरं भरली. त्या रजिस्टरात आत्म्याचा रकाना नव्हता. मी भाऊंना म्हटलं, एखादे महाराज बोलवा. तर म्हणाले, ‘सिस्टरबाई, बाया तुमचं ऐकतात.’ हे काही खरं नाही. मी दिलेल्या गोळ्या तुमच्यातल्या कितीजणींनी उकिरड्यावर टाकल्या ते मला माहीत आहे. हसू नका, पाटलांच्या वाड्यामागचा उकिरडा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

तर मला जे येतं तेच बोलते.

३१ वर्षांत मी एक वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं. बाई यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, पदर सावरायची. मी विचारायची, ‘काय होते वं?’ ती म्हणायची, ‘काई नाई जी.’ काही नाही तर तीन कोस चालत आली कशाला? मग दहा मिनिटांनी, लेकराचा खोकला सांगून झाला, सासूचे गुडघे सांगून झाले, नवऱ्याचं पोट सांगून झालं की उठता उठता दारातून म्हणायची, ‘अन् मले जरासा दम लागते.’ आतल्या पापण्या ओढून पाहिल्या तर पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन बारा हवं तिथं सात. आणि ही बाई सकाळपासून कापूस वेचून, ओटीचं ओझं कमरेला बांधून आलेली असायची.

२०१९ ते २१ मध्ये देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी झाली. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींना रक्त कमी निघालं. म्हणजे इथं सतरंजीवर बसलेल्यांत अर्ध्याहून जास्त. आणि विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, काई नाई जी.

आता फळ्यावरच्या शब्दांकडे येते. ‘स्वतःवर प्रेम करा’ हे वाक्य मला मोबाइलवर रोज सकाळी येतं, गुलाबाच्या फुलासकट. मला ते कधी कळलं नाही. प्रेम हा शब्दच आपल्याकडे सिनेमातला. आपल्या वऱ्हाडात कोणी कोणाला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणत नाही, म्हटलं तर समोरचा घाबरतो. आपल्याकडे जीव लावतात. शेळीला जीव लावतात, वासराला लावतात, दुसऱ्याच्या लेकरालाही लावतात. आत्मा म्हणजे काय हे मला सांगता येणार नाही, पण जीव कळतो. जीव लागत नाही, जीव कासावीस झाला, जीव भांड्यात पडला, हे सगळं आपण दिवसातून दहादा बोलतो. तो जीव कुणाचा असतो? आपलाच ना? मग सगळ्यांना जो लावतो, तो स्वतःला कधी लावला?

पोळ्याची आठवण काढा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? खांदशेकणी. बैलाला नदीवर, नाल्यावर नेऊन धुतो. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्यावर हळद-लोणी लावतो, पळसाच्या पानानं शेकतो. आणि बैलाच्या कानाशी म्हणतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दुसऱ्या दिवशी त्याला जूही नाही, आसूडही नाही. पुरणाची पोळी आधी त्याला, मग घरात. लहानपणी मला वाटायचं, बैलाला मराठी येते म्हणून बाबा बोलतात. आता वाटतं, बाबा त्याच्या खांद्याशी बोलत होते. तुझ्या खांद्यावर काय गेलं ते मला माहीत आहे, एवढंच सांगत होते.

घरच्या बाईच्या खांद्याला कोण लोणी लावतं? चिडून विचारत नाही. नवऱ्याचा खांदाही तसाच आहे, त्याच्यावर फवारणीचा पंप आहे, बँकेचा कागद आहे. पण वर्षातून एकदा बैलाला जे मिळतं ते या दोघांनाही मिळत नाही. आणि गंमत अशी की दोघंही दुसऱ्यानं आवतन द्यायची वाट पाहत बसतात. आध्यात्मिक उपचार म्हणजे मला तर हेच कळतं, स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, आज आवतन घे.

मला स्वतःला हे कोणी शिकवलं ते सांगते. आमचे हे गेले, तेव्हा मी पंधराव्या दिवशी कामावर आले. लोक म्हणाले, सिस्टरबाई खंबीर आहेत. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. असे सात-आठ महिने गेले. एकदा अंगणवाडीत लसीकरण होतं. बाहेर कडुनिंबाखाली एका म्हातारीचा बी.पी. पाहत होते. पट्टा काढला, आकडा लिहिला, म्हटलं, ‘मायबाई, मीठ कमी खा.’ तिनं तो पट्टा उचलला, माझ्या दंडाला गुंडाळायला लागली. उलटा. म्हणाली, ‘बाई, आमचा तुमी पाह्यता. तुमचा कोन पाह्यते जी?’ मी आधी हसले. मग लसीच्या डब्यावर डोकं ठेवून अशी रडले, अशी रडले की अंगणवाडीतली पोरं बाहेर येऊन पाहायला लागली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन तपासलं तर १८० आणि ११०. गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे. पण खरं औषध त्या म्हातारीनं दिलं. मी तिला काय उत्तर दिलं होतं माहीत आहे? रडता रडता म्हटलं, ‘काही नाही.’

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलते, कुणाला राग आला तरी चालेल. आत्म्याची तक्रार आणि रक्ताची तक्रार वेगळी काढता आली पाहिजे. उदास वाटतं, कशातच मन नाही, छातीत धडधडतं, कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटते. हे सारं रक्त कमी असल्यानंही होतं. त्यावर अंगारा चालत नाही. लोहाची लाल गोळी चालते, आणि ती चहासोबत घ्यायची नाही, लिंबाच्या पाण्यासोबत घ्यायची. एखादी दोन महिन्यांत टवटवीत झाली की म्हणते, महाराजांची कृपा. म्हणू दे. गोळी घेतलीस ना, मग कृपेचं श्रेय कोणालाही दे.

पण जो म्हणतो की डॉक्टरकडे जाऊ नका, मी बरं करतो, त्याच्या पारावर चढू नका. कापसात साप निघतो हे तुम्हाला सांगायला नको. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडा-दोरा करणं हा २०१३ पासून आपल्या राज्यात गुन्हा आहे. याच जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, शेंडगावला. हातातला खराटा आधी गावच्या रस्त्यावर चालायचा, मग रात्री कीर्तन. आणि कीर्तनात ते सांगायचे कमी, विचारायचे जास्त. माणसं उत्तर देता देता स्वतःच ओशाळायची. मला वाटतं, आतली साफसफाई अशीच होते. कुणी मंत्र फुंकून होत नाही, नीट प्रश्न विचारल्यानं होते.

आणखी एक प्रश्न विचारते. कोजागिरीपासून आजपर्यंत काकडा झाला. पहाटे चारला उठून थंडीत तुम्ही देवाला जागवायला आलात. त्यात ज्यांची पाळी आली त्या चार-पाच दिवस घरी बसल्या, हो ना? मान खाली घालू नका. इथून मोर्शीकडे गेलं की रिद्धपूर लागतं, महानुभावांचं. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी बायांना संन्यास दिला आणि विटाळ मानला नाही. त्यांना आठशे वर्षांपूर्वी जे कळलं ते आपल्याला अजून पचत नाही. ज्या शरीरातून लेकरू येतं त्या शरीराला महिन्याला चार दिवस घाण म्हणायचं, आणि मग आत्म्याशी नातं जोडायला निघायचं! आत्मा राहतो कुठं? त्याच घरात राहतो ना? पुढच्या कार्तिकात त्या चार दिवसांतही या. देवाला काही होत नाही. कोणी बोललं तर माझं नाव सांगा.

आता भाऊलोकांकडे वळते. मागं तंबाखू मळत बसले आहेत ते. बाई ‘काई नाई’ म्हणते, पण दारातून तरी सांगते. तुम्ही दारापर्यंतही येत नाही. सोयाबीनचा भाव पडला, बोंडअळी आली, पोरीचं लग्न थांबलं, तरी पारावर बसून म्हणता, चाललं आहे. या जिल्ह्यानं, यवतमाळनं, वर्ध्यानं अशा ‘चाललं आहे’ म्हणणाऱ्यांच्या किती तिरड्या उचलल्या ते मी सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात ३० गावांत एक काम झालं होतं, त्याचं नाव ‘विश्राम’. नाव ऐकूनच मला बरं वाटलं होतं. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं. आधी उदासीचा आजार असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुणाकडे मदत मागायचे. १८ महिन्यांनी २७ जण मागायला लागले. आणि मरणाचे विचार येणारे शंभरात पाच होते, ते अडीचवर आले. कर्ज फिटलं नव्हतं, पाऊस वेळेवर आला नव्हता. कुणीतरी विचारलं आणि यानं खरं उत्तर दिलं, इतकंच. रात्री दोनला विचारायला कुणी नसेल तर १४४१६ लावा. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलतात. आकडा गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

तुकडोजी महाराजांच्या मोझरीला कोण कोण जाऊन आलं आहे? सगळेच. मग तुम्हाला मौन शिकवायची गरज नाही. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दर पुण्यतिथीला त्या मिनिटाला लाखो माणूस गप्प उभा राहतो. मी एकदा त्या गर्दीत होते. एवढी माणसं, आणि दूर कुठंतरी एका शेळीचं मे-मे ऐकू येत होतं. त्या शांततेत मला कुणाची आठवण यावी? महाराजांची नाही आली, खोटं कशाला बोलू. मला माझीच आली. सात-आठ वर्षांची, फ्रॉक घातलेली, चिंचेच्या झाडावर चढलेली.

म्हणून मी घरी एक करते, तुम्हालाही सांगते. पहाटे चारला उठायची आता सवय झालीच आहे. उद्यापासून काकडा नाही, तर ती दहा मिनिटं चुलीला देऊ नका. ओट्यावर बसा. एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास येतो-जातो तो नुसता पाहा. मग हळू आवाजात स्वतःला हाक मारा. माहेरच्या नावानं. लग्नात तांदळाच्या ताटात ज्यांचं नाव बदललं त्यांनी आधीच्या नावानं. आणि विचारा, कशी आहेस वं? उत्तर काहीही येवो, रडू येवो, शिवी येवो, ‘कंबर दुखते’ येवो. फक्त ‘काई नाई’ चालणार नाही. पहिले आठ दिवस वेड लागल्यासारखं वाटेल. मला तर स्वतःचं जुनं नाव उच्चारायला लाज वाटली होती. तीस वर्षांत कुणी मारलेली नव्हती ती हाक.

आत्ताच करून पाहू. डोळे मिटा. भाऊ, तुम्हीही, तंबाखू खिशात ठेवा. नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, ओठांतल्या ओठांत.

(सुमारे पाच मिनिटं शांतता. मग सतरंजीच्या कडेची एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, ‘ठकू.’ आणि बायांमध्ये हसू आणि रडू दोन्ही एकदम सुटलं.)

ठकूबाई, कशा आहात? ...भूक लागली? घ्या! ऐंशी वर्षांत पहिल्यांदा खरं बोलल्या.

मलाही लागली आहे. मघापासून रोडग्यांचा वास येतो आहे. आणि एक गोष्ट मी अध्यक्षांशी आधीच ठरवून आले आहे. दरवर्षी आधी पुरुषांची पंगत, मग लेकरांची, आणि बायांना रात्री दहाला वांग्याच्या भाजीची खरवड. आज पहिली पंगत बायांची. वाढणार भाऊ. तुम्ही मागचे, वरणाची बादली कुठं ठेवली आहे? घ्या हातात. आणि वाढताना वाकून म्हणायचं, पोळ्याला बैलाच्या कानाशी म्हणता तसं. लाजता काय?

चला, उठा बायांनो. पत्रावळ्या घेऊ नका, त्या ते मांडतील. तुम्ही फक्त हात धुवा आणि बसा.