डबा उघडला तर आत जेली? थांबा, थिनर ओतू नका!

नमस्कार मंडळी, सोलापूरहून. गेट रंगवायचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच ओरड: "डबा उघडला तर आत जेली, परत देऊ का?" नका देऊ की हो! तो ऑइल पेंट बिघडलेला नाही, ओघळू नये म्हणून मुद्दाम तसा बनवलाय.

ऑइल पेंटमधलं अल्किड रेझिन, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ, तेलापासून बनतं. जवस, सोयाबीन, आपली करडईसुद्धा. करडईवालं पांढऱ्या रंगाला बरं, पिवळं कमी पडतं. हे बहुतेकांना माहितीये, पुढं जाऊ.

जेली कशानं होते? वनस्पती तेलातल्या फॅटी ॲसिडपासून पॉलिअमाइड (नायलॉनच्या जातीचा पदार्थ) बनवतात आणि ते अल्किडमध्येच गुंफतात. त्याचे रेणू एकमेकांना सैल धरून बसतात. ढवळलं की सुटतात, हात थांबला की परत धरतात. म्हणजे ब्रशखाली रंग पातळ, लोखंडावर बसला की घट्ट.

म्हणून आधी ढवळा. तळापासून, चपट्या काठीनं. मग ठरवा.

आमच्या गल्लीत एका पेंटर मामांनी झाकण काढलं आणि न ढवळताच थिनर ओतलं. संध्याकाळी ग्रिलच्या प्रत्येक आडव्या पट्टीखाली थेंब लोंबत होते. मामा म्हणतात, "कंपनी बेकार." अहो मामा, ओघळ थांबवणारी वस्तू तुम्हीच मोडलीत!

आणि पैशाचं बघा. ओघळू नये म्हणून जास्त पैसे मोजून रंग आणायचा, मग थिनर ओतून तो गुण घालवायचा. वर थर पातळ बसतो, म्हणजे आणखी एक हात मारा.

एका ताईंनी विचारलंय, "एरंडेल रंगात घालतात हे खरं का? ते तर पोटाला असतं." खरंय ताई. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की मेणासारखी पावडर मिळते, तीही ओघळ थांबवते. पण ती नाजूक. कारखान्यात ठरावीक गरमीत जोरात घोटावी लागते. गरमी कमी पडली तर फुलत नाही, जास्त झाली तर विरघळते आणि थंड होताना दाणे धरते. मे महिन्यात इथं पारा ४२ च्या वर जातो, आणि दुकानदार डबे पत्र्याखाली रचतो! ते दाणे ढवळून जात नाहीत. कापडातून गाळा, फारच असतील तर तो डबा मात्र खुशाल परत द्या.

प्लास्टिक पेंटवाल्यांनो, तुमचा रंग पाण्यातला, त्याचा घट्टपणा बहुतेक सेल्युलोजचा. त्यातही थिनर ओतलं असं एकानं लिहिलंय. दादा, तुमच्याशी वेगळं बोलायचंय.