चाळीस ते ऐंशी

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, शाळेच्या विज्ञानात ज्याला आपण त्वरण म्हणतो, त्यालाच रस्त्यावर ‘पिकअप’ म्हणतात. दारात इलेक्ट्रिक गाडी आली की शेजारी पहिला प्रश्न रेंजचा विचारतो आणि दुसरा पिकअपचा. त्याचे उत्तर माहितीपत्रकातून दिले जाते. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या लाँग रेंज आवृत्तीसाठी 2023 साली कंपनीने 0 ते 100 किमी वेगासाठी 8.9 सेकंद सांगितले होते. महिंद्रा एक्सयूव्ही 400 साठी 8.3 सेकंद सांगितले जात. हे आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. असा आकडा कोणत्या परिस्थितीत निघतो आणि ती परिस्थिती आपल्या रस्त्यांवर किती वेळा मिळते, हा माझा विषय आहे.

आधी मोजण्याबद्दल थोडे बोलतो. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत, म्हणजे सरळ आखूड मार्गावरच्या शर्यतींत, चाक सुरुवातीच्या रेषेवरील प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर घड्याळ सुरू होते, म्हणजे पहिला सुमारे एक फूट प्रवास वेळेत धरलाच जात नाही. टेस्ला मॉडेल एस प्लेडचा 1.99 सेकंदांचा प्रसिद्ध आकडा असा पहिला फूट वगळूनच दिलेला आहे, शिवाय तो ताशी 60 मैलांचा, म्हणजे सुमारे 96.5 किमीचा आहे. इतक्या जलद गाडीला तो एक फूट ओलांडायला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि दोन सेकंदांत पाव सेकंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. दुसरीकडे, स्पीडोमीटरचे चित्रण करून ‘आमच्या गाडीने कंपनीलाही मागे टाकले’ असे सांगणारे लोक भेटतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 39 प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचे नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक 4 किमी इतके दाखवले तरी चालते. म्हणजे काटा शंभरावर असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे 87 वर असू शकते. फोनमधील जीपीएसही बहुधा सेकंदाला एकदाच नोंद देतो. मोजायचेच असेल तर सेकंदाला किमान दहा नोंदी घेणारे उपकरण हवे, रस्ता सपाट हवा आणि दोन्ही दिशांची सरासरी काढायला हवी. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, सपाट, सरळ रस्त्याचे तुकडे मिळतात. तिथेसुद्धा वेगमर्यादा ओलांडू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या मे महिन्यात देवगडहून सागरी मार्गाने परतत होतो. गाडीत आम्ही चौघे, मागे हापूसच्या पेट्या, आणि चार्ज वीस टक्क्यांच्या आसपास. आडिवऱ्याच्या अलीकडच्या एका चढावर चिऱ्याचा ट्रक रखडत चालला होता. पुढे रस्ता मोकळा दिसला म्हणून मी बाहेर काढली आणि पेडल पूर्ण दाबले. सकाळी एकट्याने चालवताना पाठ सीटला चिकटवणारी हीच गाडी आता जड पावलांनी पुढे सरकत होती. ट्रकचे मागचे चाक खिडकीशी आले, तिथेच रेंगाळले, आणि वळणावर समोरून दिवे दिसताच मी ब्रेक दाबून पुन्हा मागे आलो. पत्नी घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

गाडीत बिघाड काहीच नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कागदावर हिशेब मांडल्यावर पटले. पुढच्या वाहनाला ओलांडताना वेग साधारण ताशी 40 वरून 80 किमीवर न्यावा लागतो. चालकासह 1500 किलोची गाडी सपाटीवर हे साधारण साडेतीन सेकंदांत करते असे धरू. आणखी तीन माणसे आणि सामान मिळून 300 किलो वाढले, म्हणजे त्याच जोरावर त्वरण सहाव्या हिश्श्याने घटले. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला की गुरुत्वाकर्षण त्या त्वरणातून दर सेकंदाला सेकंदामागे जवळपास अर्धा मीटर आणखी हिरावून घेते. साडेतीनाचे आता पाच सेकंदांहून जास्त झाले.

त्यात बॅटरी उतरलेली. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचा सेल पूर्ण भरलेला असताना सुमारे 4.2 व्होल्ट देतो, आणि उतरत जाईल तसा साडेतीनाच्याही खाली येतो. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. प्रवाहाला मर्यादा असल्यामुळे व्होल्टेज घटले की शक्तीही घटते. लोह-फॉस्फेट सेलचे व्होल्टेज बराच काळ स्थिर राहते, पण चार्ज फार खाली गेला की कोणत्याही बॅटरीला जपण्यासाठी गाडीचा संगणक स्वतःच हात आखडता घेतो. काही गाड्यांत तेव्हा पडद्यावर कासवाचे चिन्ह येते. शक्ती पंधरा टक्के जरी घटली असे धरले, तरी माझा हिशेब सव्वासहा सेकंदांवर जातो. समोरची गाडी आणि आपली गाडी दोन्ही साठच्या वेगात असतील तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला 33 मीटरने मिटते. पावणेतीन सेकंद जास्त म्हणजे नव्वद मीटर. आपल्या चढांवर वळणापलीकडचे नव्वद मीटर पुष्कळदा दिसतच नाहीत.

एसीला मात्र उगाच दोष देऊ नका. तो खातो त्याहून मोटरची शक्ती कितीतरी पट मोठी असते. थंडीत बॅटरी मंदावते ही युरोपातील तक्रारही किनाऱ्यावर आपल्याला फारशी लागू नाही. पावसाची गोष्ट वेगळी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा भार जोर लावताच मागे सरकतो, चढावर तो आणखी मागे जातो. त्यात डंपरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला तांबडा चिखल. अशा वेळी मोटरमध्ये जोर असूनही पुढचे चाक पकड सुटून जागीच फिरते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो आणि संगणक जोर कापतो.

म्हणून माझी कंपन्यांकडे कळकळीची मागणी आहे: शंभराचा आकडा खुशाल छापा, पण त्याच्या शेजारी पूर्ण भाराने, वीस टक्के चार्जवर, 40 ते 80 ला किती सेकंद लागतात तेही छापा. ज्या कंपनीची गाडी मी वापरतो तिला मी हे पत्राने विचारले होते. उत्तरात तोच शून्य ते शंभराचा आकडा पुन्हा आला. तोवर आपण एवढे करू शकतो. टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका, घरची माणसे बरोबर न्या. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नका, चढावर न्या. आणि सकाळी पूर्ण भरलेली गाडी मागण्याऐवजी संध्याकाळी, दिवसभर फिरून उतरलेली गाडी मागा.