जास्वंदीचा लाल आणि माझा २००५ सालचा कॅमेरा

मंडळी, बोलायचंय लाल फुलाचा फोटो का बिघडतो त्यावर, येतोच तिकडे, पण आधी हा कॅमेरा बघून घ्या. कॅनन पॉवरशॉट ए६२०, सात मेगापिक्सेल, चार पेन्सिल सेल खातो, आणि याची स्क्रीन अशी बाहेर येऊन फिरते, म्हणजे खाली मान घातलेल्या फुलाच्या तळाशी कॅमेरा धरायचा आणि आपण वरून बघायचं, चिखलात लोळायची गरज नाही. मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या सोयीत, फुलाच्या एक सेंटिमीटरपर्यंत जातो!

गेल्या श्रावणात याची लेन्स बाहेरच येईना. दुकानात नेला, तर त्या माणसानं सेलचं झाकणसुद्धा उघडलं नाही, "काका, भंगारात द्या, मोबाइलनं काढा". मला याचा खरंच राग आहे, अहो, आधी बघा तरी! घरी आलो, सेलच्या जागेतल्या पट्ट्या काळ्या पडलेल्या, खोडरबरानं घासल्या, नवे सेल घातले आणि लेन्स सर्रकन बाहेर. चार्जिंगचे सेल म्हातारे झाले की एवढंच होतं, लेन्स ढकलायला ताकद पुरत नाही.

आणि नेमकी त्याच रात्री आमची ब्रह्मकमळाची कळी फुगलेली. आठला पाकळ्या सुटायला लागल्या, बाराच्या आत पूर्ण उमललं, वास जिन्यापर्यंत. फ्लॅश मारायचा नाही, इतक्या जवळून लेन्सचीच सावली पडते. कॅमेरा डब्यावर ठेवला, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ५०, टॉर्चवर पांढरा रुमाल, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्काही नको. आतला तो चांदणीसारखा पांढरा स्टिग्मा, म्हणजे परागकण झेलणारं टोक, त्याच्याभोवती पिवळसर केसरांची गर्दी, सगळं आलं. सकाळी फूल मान टाकून लोंबत होतं.

वेळ संपत आलीये म्हणतायत, तर आता भराभर जास्वंद. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवर, दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक निळा आणि लाल फक्त एक. लालभडक जास्वंदीसमोर तो एकटा लाल ठिपका काठोकाठ भरतो, बाकीचे तिघं जवळजवळ रिकामे, कॅमेरा सरासरी काढून समजतो की उजेड कमी आहे आणि आणखी उजेड आत घेतो, मग लाल ऊतू जातो आणि पाकळीवरच्या शिरा गायब, नुसता कुंकवाचा ठिपका उरतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायचं ते अधिक-उणेचं सेटिंग, शून्यापासून दोन तृतीयांश खाली आणा, फारच भडक असेल तर पूर्ण एक. स्क्रीनवर फोटो काळपट दिसेल, दिसू दे, घरी कॉम्प्युटरवर उजळता येतो, पण ऊतू गेलेला लाल परत येत नाही. दुपारचं ऊन टाळा, ढगाळ सकाळ बघा, किंवा फुलावर छत्री धरा, काळी किंवा पांढरी, रंगीत नको, तिचा रंग पाकळीवर उतरतो.

बाहेर जिन्याजवळ कुंडीत दोन जास्वंदी फुललेल्या आहेत, ज्यांनी कॅमेरा आणलाय त्यांनी चहाच्या आधी या, संध्याकाळी मिटायला लागतात.