टोपीची नाडी

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या खरेदीला परवा महाद्वार रोडला गेले होते. नातवासाठी टोपीचं जर्किन बघत होते. दुकानदार म्हणाला, "मावशी, एक्स्पोर्टचा माल हाय, डोळं झाकून न्या." तीस वर्षं शिवणाचा क्लास घेतेय, डोळे कसले झाकते! गळ्याशी हातभर नाडी, तिच्या टोकांना प्लॅस्टिकचे टपोरे मणी, आणि आतलं लेबल कात्रीनं उडवलेलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा नाडीचं काय घेऊन बसलात? रंकाळ्याच्या बागेत पोरगं घसरगुंडीवर चढलंय असं समजा. वर कठडा आणि पत्रा यांच्यात बारीक फट असते. मणी त्या फटीत अडकतो. अंग खाली घसरतं आणि गळा वरच राहतो. ओरडायला आवाजसुद्धा फुटत नाही. कमरेची नाडी लोंबत असेल तर ती बसच्या दारात अडकते, आणि बस सुटते.

अमेरिकेत अशी मुलं दगावली. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं 1996 मध्ये उत्पादकांना सांगितलं, लहान मुलांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी नको. कमरेची ठेवलीच तर 3 इंचांपेक्षा जास्त बाहेर नको, टोकाला गाठ नको आणि मागे मधोमध शिवून टाका. 2011 मध्ये त्याचा नियमच झाला. युरोपातल्या मानकांतही सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला नि गळ्याला नाडी चालत नाही.

तिथं असा माल बाजारात गेलाच तर कंपनी तो माघारी बोलावते. अमुक लेबलचं, अमुक नंबरचं जर्किन परत आणा आणि पैसे घेऊन जा. पण लेबलच कापलेलं असेल तर ते बोलावणं आपल्यापर्यंत पोचणार कसं? आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक माल परत घ्यायला लावायचा अधिकार दिलाय. तक्रारीसाठी 1915 हा नंबर आहे. फक्त हातात बिल हवं, आणि आपण बिल मागायलाच लाजतो!

टोपरं, कुंची यांना तर आपण पिढ्यान्‌पिढ्या बंद लावत आलोय. माझी आई मात्र बाळ मांडीवरून पाळण्यात गेलं की आधी हनुवटीखालची गाठ सोडायची.

बटणांचं सांगते. तयार कपड्यांत पुष्कळदा साखळी टाक्यानं बटण लावतात. एक टोक सुटलं की ओढताक्षणी सगळा दोरा उसवतो आणि बटण थेट बाळाच्या तोंडात. म्हणून नवीन झबलं आणलं की प्रत्येक बटण, प्रत्येक मणी ओढून बघा. ढिलं वाटलं तर सुईदोरा घ्या आणि पक्कं करा. टिकल्या चिकटवलेल्या असतील तर तो कपडा तान्ह्यासाठी घेऊच नका.

आणि फटाके उडवताना पोरीला नेटचा घेरदार फ्रॉक नको. फुलबाजीची ठिणगी घेरावर कधी पडली ते कळतही नाही, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुतीही पेटतंच म्हणा, पण अंगाबरोबर बसणारा सुती कपडा त्यातल्या त्यात बरा. फ्रॉक पाहुण्यांकडे जाताना घालू दे की!

ते जर्किन मी घेतलं. दुकानातच नाडी ओढून काढली आणि घरी येऊन दोन्ही भोकं शिवून टाकली. दुकानदार हसत होता, पण बिल दिलं त्यानं. नाडी चांगली मजबूत निघाली, आता माझ्या बाजाराच्या पिशवीला घातलीय.


नमस्कार.