मृगाआधीचे तीन आठवडे

(दृश्य: पहाट. नांगरलेले काळे रान, ढेकळांवर तिरपे ऊन, बांधावरचा एकटा लिंब.)

परभणी शहराला लागून पसरलेल्या या रानात मे महिन्याच्या मध्यावर पीक म्हणून काहीही उभे नसते. नांगरटीची ढेकळे उन्हाने तापून तडकलेली असतात, आणि सावली असते ती बांधावरच्या लिंबाखाली, तीही सकाळपुरतीच. तरीही वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वर्षातली सर्वांत मोठी लगबग याच दिवसांत सुरू होते. येत्या १८ मे रोजी विद्यापीठाचा वर्धापन दिन आहे, आणि दरवर्षीप्रमाणे त्याच दिवशी खरीप शेतकरी मेळावा, चर्चासत्र, कृषी प्रदर्शन आणि बियाणे विक्री असा कार्यक्रम होणार आहे.

हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. त्याआधीही परभणीला शेतीसंशोधनाची ओळख होती. निजामाच्या राजवटीत १९१८ साली येथे प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले आणि १९५६ साली कृषी महाविद्यालय उभे राहिले. पण विद्यापीठाला जे वर्ष मिळाले ते विलक्षण होते. स्थापनेला महिना होतो न होतो तोच महाराष्ट्रावर पावसाने पाठ फिरवली आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. ज्यांनी त्या काळात दुष्काळी कामावर खडी फोडली आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, त्यांपैकी काही जण आजही नातवाचा हात धरून या मेळाव्याला येतात. मराठवाड्यात वयाचा हिशेब अजूनही ‘बहात्तरच्या आधी’ आणि ‘बहात्तरनंतर’ असा होतो, आणि या विद्यापीठाचे वय तर त्या हिशेबात अगदी काठावर बसते.

(दृश्य: पंचांगाचे पान उलटणारा हात.)

वर्धापन दिनाची तारीख कोणी पंचांग पाहून ठरवली असेल असे नाही. पण ती शेतकऱ्याच्या पंचांगात नेमकी बसली आहे. मृग नक्षत्र लागते ७ किंवा ८ जूनच्या सुमारास. म्हणजे मेळावा आणि मृग यांच्यामध्ये सुमारे तीन आठवडे मिळतात, आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हंगामाचा बराचसा निकाल याच तीन आठवड्यांत लागतो. कोणते वाण, कोणत्या रानात, घरचे बी की विकतचे, सलग सोयाबीन की तुरीचे आंतरपीक, हे सगळे निर्णय आभाळ भरून येण्याआधी घ्यावे लागतात. एकदा पाऊस सुरू झाला की जो तो तिफणीमागे किंवा ट्रॅक्टरमागे धावत असतो आणि विचार करायला सवड उरत नाही. यंदा मृगाचे वाहन कोणते, बेडूक की गाढव, याची चर्चा मात्र तेव्हाही चालूच असते.

(दृश्य: बियाणे विक्रीपुढची रांग, खांद्यावर उपरणे, हातात कापडी पिशव्या.)

मेळाव्यात सर्वांत लांब रांग बियाण्याची असते. विद्यापीठाचे बी मोजके असते, मागणी फार असते, आणि त्यामुळे परगावचे शेतकरी तांबडे फुटण्याआधीच येऊन उभे राहतात. या रांगेत कानावर पडणारी अक्षरे बाहेरच्या माणसाला सांकेतिक भाषेसारखी वाटतील. शेतकरी मात्र ती सोयऱ्याधायऱ्यांच्या नावांसारखी घेतात. ‘एमएयूएस’ म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सोयाबीन. त्यातले ७१, १५८, १६२ आणि ६१२ हे क्रमांक येथे तोंडपाठ असतात. ‘बीडीएन’ म्हणजे जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर. ‘बीएसएमआर’ या अक्षरांत तर गावाबरोबर रोगाचेही नाव दडलेले आहे: बदनापूरचे, वांझ रोगाला दाद न देणारे वाण. पांढरी बीडीएन ७११ लवकर हाती येते, म्हणून परतीच्या पावसाचा भरवसा नसलेल्या रानात तिला पसंती मिळते. ज्यांच्याकडे जमीन भारी आहे ते लाल बीएसएमआर ७३६ कडे वळतात. नांदेड ४४ हा कपाशीचा संकरित वाण आणि परभणी क्रांती ही भेंडी, ही नावे तर आता मराठवाड्याबाहेरही कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

परंतु रांगेत उभे राहून बियाण्याची एक पिशवी मिळवली आणि परत फिरलो, एवढ्यावर ज्यांची फेरी संपते त्यांनी निम्मा मेळावा पाहिलाच नाही, असे आमचे मत आहे. खरा मेळावा मंडपात असतो, आणि तोही उद्घाटन आटोपल्यानंतर. आपल्याकडच्या कोणत्याही समारंभाप्रमाणे हार, शाल आणि स्वागत यांत सकाळ सरते हे गृहीत धरावे. त्यानंतर शास्त्रज्ञ आणि शेतकरी समोरासमोर बसतात आणि प्रश्नोत्तरे सुरू होतात, तेव्हा मात्र पुढची खुर्ची धरून ठेवावी.

(दृश्य: मंडप. ध्वनिक्षेपक एका हातातून दुसऱ्या हातात जातो.)

प्रश्न बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. “सायेब, गेल्या साली घरचंच बी पेरलं, निम्मं उगवलंच नाही. आता इकत घ्यावं का?” त्यावर उत्तर देणारा शास्त्रज्ञ उलट विचारतो, “मामा, मळणी कशी केली होती? पोती कुठं रचली होती?” आणि इथून जे संभाषण सुरू होते ते कोणत्याही घडीपत्रिकेत छापलेले नसते. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण अतिशय पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती आदळली, किंवा एकावर एक उंच थप्पी लावली, तर दाणा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतला अंकुर मात्र दुखावलेला असतो. घरचे बी वाईट नसते. ते वाईट वागवले गेलेले असते. सोयाबीन हे स्वपरागसिंचित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे पीक असल्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे चांगले बी एकदा आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचेच राखून पेरता येते, आणि दरवर्षीचा तो खर्च वाचतो. अट एकच असते, पेरण्याआधी त्याची परीक्षा घेतली पाहिजे.

ती परीक्षा प्रात्यक्षिकाच्या मंडपात करून दाखवली जाते आणि तिला दमडीचा खर्च येत नाही. धान्याचे एक रिकामे गोणपाट स्वच्छ धुऊन ओले करायचे, जमिनीवर पसरायचे आणि त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. दाणे निवडून टपोरे घ्यायचे नाहीत. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून जसे हाताला लागतील तसे घ्यायचे. येथेच बहुतेकांचा हात चुकतो, कारण आपले बी नापास व्हावे असे कोणालाच वाटत नाही. मग दुसरे ओले गोणपाट वर अंथरून दोन्हींची मिळून सैल गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडून ओल टिकवायची. सहा ते आठ दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब फुटलेले दाणे मोजायचे. शंभरात सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर बी पेरणीयोग्य समजावे. त्याहून थोडे कमी भरले तर एकरी बियाण्याचे प्रमाण वाढवावे. फारच कमी भरले तर ते बी बाजूला सारावे. १८ मे रोजी हे पाहून गेलेल्या माणसाला मृगाआधी ही चाचणी दोनदा करता येते आणि तरीही दुसरे बी शोधायला वेळ शिल्लक राहतो.

शेजारच्याच टेबलावर बीजप्रक्रिया दाखवली जाते. आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धन, असा तिचा क्रम आहे. जिवाणू जिवंत असतात आणि औषधे मारक असतात, एवढे लक्षात ठेवले की क्रम पाठ करावा लागत नाही. पलीकडे रुंद वरंबा सरी पद्धतीचे पेरणीयंत्र मांडलेले असते. वरंब्यावर पीक आणि बाजूला सरी, म्हणजे पाऊस धो-धो पडला तर जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाने ओढ दिली तर सरीत मुरलेली ओल पिकाला पुरते. मराठवाड्याला या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात भोगाव्या लागतात, म्हणून या यंत्राभोवतीची गर्दी हटत नाही. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर ही विद्यापीठाची शिफारसही त्याच धास्तीतून पटते: एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे.

(दृश्य: पावसाळी चिखलवाट. गावात चालत निघालेले विद्यार्थी.)

यापुढचा कार्यक्रम विद्यापीठाच्या आवारात होत नाही. १ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या सुमारास कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावोगावी मुक्कामाला जातात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. शाळेच्या पटांगणावर रांगोळीने गावाचा नकाशा काढणे, मातीचा नमुना घेऊन दाखवणे, किडीच्या पतंगांना गंधाने ओढून पकडणारा कामगंध सापळा लावणे, ही त्यांची ठरलेली कामे. माती घेताना विहिरीजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्याशेजारची घेऊ नये, खताच्या रिकाम्या गोणीत भरू नये, हे एखादी विशीतली मुलगी साठीतल्या बाबांना सांगते तेव्हा आरंभी बाबांच्या चेहऱ्यावर कौतुक अधिक आणि विश्वास कमी असतो. चार दिवसांनी तेच बाबा कपाशीचे सुकलेले झाड उपटून तिच्या दारात उभे असतात.

(दृश्य: ध्वजारोहण. नंतर हरभऱ्याच्या ढिगात बुडालेली ओंजळ.)

पावसाळा उतरणीला लागला की दुसरा मोठा मेळावा येतो, १७ सप्टेंबरचा. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले. सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण, आणि त्यानंतर रब्बी मेळावा व बियाणे विक्री, असा दिवस असतो. ज्वारी, हरभरा आणि करडई ही येथली मुख्य नावे. परभणी मोती ज्वारीच्या भाकरीची चव या रांगेत जितकी वर्णिली जाते तितकी ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या निमित्ताने, महिला शेतकरी मेळावा होतो. खुरपणी, वेचणी, निवडणी ही कामे ज्यांच्या कमरेवर आणि बोटांवर उभी आहेत, त्या बायका त्या दिवशी बोलतात. भेंडी तोडताना हाताला सुटणारी खाज ही तक्रार किरकोळ वाटेल, पण तिच्यावर हातमोजे हा उपाय सुचवताना कोणते कापड आणि कोणते माप, हे ठरवण्यासाठी आधी कोणाला तरी ती तक्रार कान देऊन ऐकावी लागते. सामुदायिक विज्ञान महाविद्यालय बायकांचे कष्ट हलके करणाऱ्या अशा साधनांवर काम करते. या मेळाव्याला घरातल्या पुरुषांनीही यावे, असे आम्हाला वाटते. निदान मागच्या रांगेत बसायला.

१८ मे रोजी येणार असाल तर घरच्या बियाण्याची मूठभर पुरचुंडी, मातीचा नमुना आणि सातबारा व आधार कार्डाची प्रत सोबत ठेवावी. प्रश्न घरीच कागदावर लिहून आणावा, कारण ध्वनिक्षेपक हातात आला की भले भले विसरतात. पाण्याची बाटली विसरू नये; परभणीचे मे महिन्यातले ऊन कोणाचीही गय करत नाही.

(दृश्य: जिंतूरकडच्या गावातला एक ओटा. सावलीत ठेवलेली गोणपाटाची गुंडाळी.)

आठवा दिवस. गुंडाळी उलगडली आहे. ओल्या गोणपाटावर पांढरट कोंब वर आले आहेत. काही दाणे नुसतेच फुगून राहिले आहेत, दोन-तीन बुरशीने काळवंडले आहेत. आजोबा बोटाने एकेक दाणा बाजूला सारत मोजतात आणि नात पाटीवर रेघा ओढते. शेवटच्या ओळीत आजोबांचे बोट एका अर्धवट फुटलेल्या दाण्यावर थांबते. “हा धरायचा का?” नात विचारते. आजोबा थोडा वेळ त्या दाण्याकडे पाहतात, आणि तो मोजणीतून बाजूला ठेवतात.