रक्तातील लिम्फोमाच्या पेशींचा माग

श्रोतेहो,

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग आहे. या पेशी रक्तातून लसीका ग्रंथींत आणि ग्रंथींतून पुन्हा रक्तात अशा सतत फिरत असतात. त्यामुळे त्यांना कर्करोग झाला तर तो साध्या रक्ततपासणीत दिसायलाच हवा असे अनेकांना वाटते, आणि पेशींची मोजणी नॉर्मल आली की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. हा दिलासा खरा मानता येत नाही. रोगी पेशी बहुतेक वेळा ग्रंथींतच ठाण मांडून असतात, रक्तात आल्याच तर हजारो-लाखो निरोगी पेशींमध्ये एखादी असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती शेजारच्या निरोगी लिम्फोसाइटसारखीच दिसू शकते. अशा एका पेशीला गर्दीतून नेमके ओळखायचे कसे, आणि ओळखता आली नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, याबद्दल आज मला बोलायचे आहे.

ओळखण्याची सोय लिम्फोसाइटच्या जडणघडणीतच आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आईवडिलांकडून आलेला डीएनए जसाच्या तसा असतो. बी आणि टी लिम्फोसाइट मात्र वाढीच्या काळात स्वतःच्या डीएनएचा एक लहानसा भाग कापून नव्याने जोडतात. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या जनुकाचे अनेक पर्यायी तुकडे गुणसूत्रावर ओळीने मांडलेले असतात. त्यांतून पेशी मोजके तुकडे निवडते, मधला भाग काढून टाकते, आणि जोडाच्या जागी डीएनएची काही अक्षरे, म्हणजे त्याचे रासायनिक घटक, गाळते व काही नवीच घालते. सुसुमु तोनेगावा यांनी नोबुमिची होझुमी यांच्यासह १९७६ मध्ये ही फेरजुळणी दाखवून दिली, आणि या संशोधनासाठी तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जोड इतका यदृच्छेने घडतो की दोन स्वतंत्र पेशींत तो सहसा सारखा निघत नाही. म्हणूनच एखादी पेशी कर्करोगी होऊन तिची प्रजा वाढू लागते तेव्हा त्या साऱ्या प्रजेत मूळ पेशीचा तोच जोड उतरतो. ती त्या कुळाची खूण ठरते.

खूण एकदा वाचली की तिचा रक्तात शोध घेता येतो. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीने डीएनएचा नेमका हवा तो तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवता येतो, आणि आताच्या डीएनए वाचणाऱ्या यंत्रांना एकाच नमुन्यातील लाखो जोड वाचून त्यांतला रुग्णाचा जोड वेगळा काढता येतो. काही लिम्फोमांत आणखी एक खूण मिळते. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, आणि तिच्यामुळे पेशीला मरू न देणारे बीसीएल-२ हे जनुक अखंड चालू राहते. मँटल सेल लिम्फोमात अशीच अदलाबदल ११ व्या आणि १४ व्या गुणसूत्रांत होते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. १४ आणि १८ या गुणसूत्रांची ही अदलाबदल असलेल्या मोजक्या पेशी अनेक निरोगी प्रौढांच्या रक्तातही सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधीही लिम्फोमा होत नाही. म्हणून कोणताही त्रास नसलेल्या माणसाने उगीच मनाची खात्री करून घेण्यासाठी ही तपासणी करावी, असे मी कधीही सुचवणार नाही. ज्याच्या रोगाचे निदान ग्रंथीच्या बायोप्सीने झाले आहे आणि ज्याची खूण आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही तपासणी आहे.

दुसरा मार्ग पेशींना वगळून जातो. पेशी मरताना तिच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागात (प्लाझ्मात), सांडतात. असा मोकळा डीएनए रक्तात असतो हे १९४८ मध्येच दिसून आले होते. हे तुकडे साधारण १६० ते १७० अक्षरजोड्यांचे असतात आणि त्यांतले निम्मे एक-दोन तासांत नाहीसे होतात, त्यामुळे आज दिसणारा तुकडा हा आजच्या रोगाचा साक्षीदार असतो. हॉजकिन लिम्फोमात कर्करोगी पेशी ग्रंथीतसुद्धा विरळ असतात, रक्तात तर त्या क्वचितच येतात. तरीही त्यांचा डीएनए रक्तद्रवात सापडतो. मोठ्या बी-पेशींच्या वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमातही पेशींपेक्षा रक्तद्रवातून अधिक माहिती मिळते. उलट मँटल सेल लिम्फोमात पेशी स्वतःच रक्तात येत असल्याने त्या तपासणेही उपयोगी ठरते. लिम्फोमा हे एकाच रोगाचे नाव नसल्यामुळे रक्ताच्या नळीतील कोणता भाग, पेशी की रक्तद्रव, तपासायचा हे रोगाच्या प्रकारावर ठरते.

उपचार संपल्यावर हातात पडणाऱ्या रिपोर्टमध्ये ‘आढळले नाही’ असे शब्द असतात, आणि त्यांचा अर्थ ‘उरले नाही’ असा लावला जातो. या दोन शब्दप्रयोगांतले अंतर साध्या हिशोबाने समजते. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. प्रयोगशाळेने पेशींमधला १ मायक्रोग्रॅम डीएनए तपासला, तर तिने सुमारे दीड लाख पेशी तपासल्या. दहा लाखांत एखादीच रोगी पेशी असेल, तर दीड लाखांत ती बहुधा येणारच नाही, मग यंत्र कितीही सूक्ष्म असो. रक्तद्रवात तर ही टंचाई फारच असते, कारण तिथल्या मोकळ्या डीएनएच्या १ नॅनोग्रॅममध्ये पूर्ण जनुकसंचाच्या जेमतेम तीनशे प्रती मिळतात. यावर शोधलेला उपाय मला फार समर्पक वाटतो: एकाच खुणेवर न थांबता रुग्णाच्या ट्यूमरमधील शेकडो बदल एकाच वेळी शोधले, तर त्यांतली एखादी खूण तरी हाती लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते. तरीसुद्धा किती डीएनए तपासला आणि किती पेशींत एक इतक्या बारकाईने शोध घेतला, हे दोन आकडे रिपोर्टमध्ये नसतील तर ते विचारून घ्यावेत. त्यांच्याशिवाय ‘आढळले नाही’ हे वाक्य अपुरे आहे.

खूण सापडली तरी घाई नको. वय वाढते तसे अस्थिमज्जेतील काही निरोगी रक्तपेशींतही जनुकीय बदल साठतात आणि त्यांचे तुकडेही रक्तद्रवात येतात. ते लिम्फोमाचे समजले जाऊ नयेत म्हणून रुग्णाच्या पांढऱ्या पेशींचा डीएनए शेजारी ठेवून ताडून पाहतात. एकाच वेळच्या आकड्यापेक्षा काही काळाने पुन्हा केलेल्या मोजणीत तो वाढतो की घटतो, हे अधिक बोलके असते. साखर वेगाने वापरणाऱ्या जागा चमकवून दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये साध्या दाहामुळेही एखादी गाठ चमकू शकते, तेव्हा रक्तातील मोजणी आणि स्कॅन एकमेकांना पूरक ठरतात. रोग परत आल्याची शंका असेल तर शक्य तिथे पुन्हा बायोप्सी करूनच निर्णय घेतात, कारण लिम्फोमाने आपला प्रकार बदलला आहे का, हे पेशींची रचना पाहूनच नीट कळते.

या सगळ्याचा पाया रुग्णाच्या पहिल्या नमुन्यात असतो, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते याची मला मनापासून खंत वाटते. कुळाची खूण उपचारांपूर्वीच्या ग्रंथीतून वाचायची असते. उपचारांनंतर रोगी पेशी इतक्या कमी उरतात की मुळात कोणती खूण शोधायची हेच कळत नाही. बारीक सुईने काढलेल्या थेंबभर पेशी यासाठी अनेकदा अपुऱ्या पडतात. ग्रंथीचा तुकडा पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात जतन करतात, त्याला पॅथॉलॉजीत ‘ब्लॉक’ म्हणतात. उपचारांसाठी दुसरीकडे जाताना रुग्ण रिपोर्टचे कागद जपून नेतात, पण ब्लॉक पहिल्याच प्रयोगशाळेत राहतो. तो मागून घ्यावा, किंवा निदान कुठे ठेवला आहे आणि किती वर्षे ठेवणार आहेत हे लिहून घ्यावे.

रक्ताच्या नळीचेही असेच आहे. नेहमीच्या नळीत घेतलेले रक्त काही तास पडून राहिले की निरोगी पांढऱ्या पेशी फुटू लागतात, आणि त्यांच्या डीएनएच्या लोंढ्यात लिम्फोमाचे तुटपुंजे तुकडे हरवून जातात. म्हणून रक्तद्रव काही तासांच्या आत वेगळा करावा लागतो, अथवा पेशी फुटू न देणारे द्रव्य असलेली खास नळी वापरावी लागते, जिच्यात नमुना काही दिवस टिकतो. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाणार असेल, तर रक्त कोणत्या नळीत घेणार आहेत हे सुई टोचण्यापूर्वीच विचारावे.