रताळ्याचं तिखट भरीत

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सध्या लाल सालीच्या रताळ्यांनी भरलेला आहे. भात कापून झाल्यावर मळ्यात वेल लावले जातात, त्यांची रताळी आता माघात निघतात. बाजारातल्या बायका 'कणगां, कणगां' म्हणून हाका मारतात, आपण किलो-दीड किलो घेतो. आणि घरी आणल्यावर? एकादशी असली तर उकडतो, शिवरात्र असली तर कीस करतो, उरली ती गुळात घालतो. खतखत्यात, म्हणजे आपल्या मिश्र भाजीत, चार फोडी पडतात, तेवढाच काय तो रताळ्याचा तिखटामिठाशी संबंध. आज मला सांगायचं आहे ते रताळ्याचं तिखट भरीत. पानात डाव्या बाजूला वाढायचं आणि शीत-आमटीबरोबर खायचं. त्यात मिरची, आलं, ओलं खोबरं, वरून खोबरेलाची फोडणी आणि शेवटी सोलांचं, म्हणजे कोकमाचं, आगळ.

यात सांभाळायची गोष्ट एकच. रताळं उकळत्या पाण्यात घालायचं. थंड पाण्यात घालून चुलीवर चढवायचं नाही. पाणी आधी खळखळून उकळू द्यायचं, मग फोडी. हे मी पुढेही सांगणार आहे. आणि हे मला कुणाकडून कळलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

1986 सालच्या जुलैमध्ये, 5 तारखेला, पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. पणजी-बेतीच्या फेरीबोटींवर सगळा भार आला, आणि दोन्ही काठांवर गाड्यांच्या रांगाच रांगा. त्याच्या पुढच्या माघातली ही गोष्ट. मांडवीच्या उत्तरेला, बार्देशातल्या आमच्या गावच्या देवळाची जत्रा होती, आणि जत्रेच्या रात्री गावकऱ्यांचं मराठी नाटक. ऐतिहासिक नाटक, पाच अंकी, पहाटेपर्यंत चालणारं. तालमी दिवाळीपासून आमच्याच घराच्या सोप्यावर झाल्या होत्या, त्यामुळे नाटकाच्या रात्री सगळ्या नटांचं, ऑर्गनवाल्याचं, तबलजीचं जेवण आमच्याकडे. जेवण ठरलेलं असायचं: पुरी आणि बटाट्याची भाजी. आणि ते करायची ती माझी आत्या. सगळा गाव तिला माईच म्हणायचा.

त्या दिवशी मडगावहून ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकाच्या कपड्यांच्या, पेट्या आणायला टेम्पो गेला होता. येताना पणजीच्या बाजारातून बटाट्याचं पोतंही त्याच टेम्पोतून यायचं होतं. संध्याकाळचे सात वाजले, टेम्पो नाही. आठ वाजायला आले, तरी नाही. तेव्हा काही खिशात फोन नव्हते. एक पोरगा सायकलवरून बेतीला गेला, फेरीने पलीकडे जाऊन बघून आला आणि दारातूनच ओरडला, "टेम्पो पणजीच्या बाजूला आहे, आणि त्याच्या पुढे ही एवढी रांग!"

घरात एकदम गडबड. राजांचे अंगरखे नाहीत, मावळ्यांचे फेटे नाहीत, आणि तीस-पस्तीस माणसांची भाजी नाही. पुरुषमंडळी अंगरख्यांची काळजी करत राहिली. माई मागच्या पडवीत गेली. तिथे सकाळीच आमच्या मळ्यातून काढलेली रताळी होती, दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायला म्हणून पोत्यात भरून ठेवलेली. तिने पोत्याचं तोंड सोडलं आणि म्हणाली, "चुली पेटवा. पाणी ठेवा."

सोप्यावर आमच्या शाळेचे मास्तर बसले होते. नाटकात ते सेनापती. आवाज असा, की देवळाच्या मागच्या तळीपर्यंत ऐकू जावा. रताळी हा शब्द कानावर पडताच ते उठून आत आले आणि अगदी अजिजीने म्हणाले, "माई, आज गोड नको हां. गोडाने माझा घसा धरतो, आणि पहिल्याच अंकात माझं स्वगत आहे." माईने मान वर न करता आमच्या घरच्या बोलीत सांगितलं, "गोड लागलें जाल्यार म्हाका सांग." म्हणजे, गोड लागलं तर मला सांग.

आम्ही मुली आदोळ्या, म्हणजे विळ्या, घेऊन बसलो. माईचा हुकूम होता, फोडी लहान हव्यात, सगळ्या सारख्या. एकीकडे मोठ्या भाण्यांत पाणी तापत होतं. माझा चुलतभाऊ मदतीला आला. वेळ वाचावा म्हणून त्याने एका भाण्यात थंड पाणी ओतलं, त्यातच फोडी टाकल्या आणि भाणं तसंच चुलीवर चढवलं. माईने बघितलं आणि ती तीरासारखी आली. पण त्याला बोल लावला नाही. म्हणाली, "ते भाणं आता असूदे. ते गोड होणार. त्यात कुणी मिरची घालू नका, उद्या गूळ-नारळाचा रस घालून पायस करू." आणि दुसऱ्या भाण्यात, जिथे पाणी उड्या मारत होतं, तिथे तिने स्वतःच्या हाताने फोडी सोडल्या. थोड्या थोड्या, पाण्याची उकळी मोडू न देता.

रताळी एकाच मळ्यातली, एकाच पोत्यातली. शिजल्यावर माईने मास्तरांना बोलावलं आणि दोन्ही भाण्यांतली एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवली. मी शेजारीच उभी होते, मीही खाल्ली. पहिली फोड गोडमिट्ट, जिभेवर ओलसर. दुसरी नुसती पिठूळ, गोडी होती पण मागे, अंगासरशी. मास्तरांनी माईकडे बघितलं, आणि नाटकातल्यासारखा वाकून मुजरा केला.

मग ते भरीत झालं. डवल्याने, म्हणजे करवंटीच्या डावाने, ठेचलेलं, मिरची-आलं वाटून घातलेलं, वर फोडणी, शेवटी आगळ. पत्रावळीवर पुऱ्यांबरोबर वाढलं, आणि ऑर्गनवाल्याने तीनदा मागून घेतलं. टेम्पो आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पेट्या उघडल्या, घाईघाईने रंग फासले गेले, बाराच्या पुढे नांदी झाली. पहिल्या अंकात मास्तरांचं स्वगत असं रंगलं की मांडवाबाहेर चण्या-खाज्यांची दुकानं लावून बसलेले लोकही उठून आत आले. माई विंगेच्या कडेला उभी राहून ऐकत होती, हाताला अजून खोबरेलाचा वास. पुढच्या वर्षी बटाटे दोन दिवस आधीच येऊन पडले होते. तरी तालमींच्या वेळीच मास्तरांचा निरोप आला: भरीत रताळ्याचं करा.

जत्रेतली ही गावची नाटकं जगली पाहिजेत, हे मला मनापासून वाटतं. आता पुष्कळ ठिकाणी बाहेरचं पथक आणतात, पैसे मोजले की काम झालं. पण तीन-तीन महिने सोप्यावर तालमी करणारा गाव एकमेकांना ओळखतो, त्याची भाषा घासून लख्ख होते. गोव्यात मराठी इतकी मुरली त्यात या रात्रींचा मोठा वाटा आहे. असो, चुलीवर पाणी ठेवलंय, तिकडे वळू.

माईला जे हाताने कळत होतं, त्याचं कारण सोपं आहे. रताळ्यात पिष्ट असतं, आणि त्या पिष्टाची साखर करणारं एक विकर (एन्झाइम), बीटा-अमायलेज, तेही रताळ्यातच असतं. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसला ते जोमाने काम करतं. रताळं सावकाश तापलं की त्याला वेळ मिळतो आणि गोडी वाढते. निखाऱ्यात भाजलेलं रताळं एवढं गोड लागतं ते म्हणूनच. लहान फोडी उकळत्या पाण्यात पडल्या की हा टप्पा भरकन ओलांडला जातो आणि विकर निकामी होतं. म्हणून पुन्हा सांगते: फोडी लहान, पाणी उकळतं.

चौघांना अर्धा किलो रताळी पुरतात. कापताना आत काळपट भोकं किंवा बोगदे दिसले तर ते रताळं सगळंच टाका. सोंड्या भुंग्याने पोखरलेल्या रताळ्याचा चांगला दिसणारा भागही कडू होतो, आणि एक कडू फोड सगळं भरीत बिघडवते. साल काढून इंचभराच्या फोडी करा, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडा. दहा-बारा मिनिटांत सुरी सहज आत जाते. पाणी पूर्ण निथळा आणि फोडी त्याच भांड्यात मंद विस्तवावर दोनेक मिनिटं कोरड्या होऊ द्या. हे चुकवू नका, नाहीतर भरीत पचपचीत होतं. गरम असतानाच डवल्याने ठेचा. मिक्सर नको, त्याने रताळ्याची खळ होते. अधूनमधून एखादी फोड अख्खी राहिली तर राहू दे.

दोन हिरव्या मिरच्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून घाला, तीन-चार चमचे ओलं खोबरं घाला. दोन मोठे चमचे खोबरेल तापवून मोहरी, चमचाभर उडदाची डाळ, हिंग, कढीलिंब. डाळ लालसर झाली की फोडणी भरतावर ओता. आणि आगळ सगळ्यात शेवटी, दोन लहान चमचे. आंबट आधी, शिजतानाच घातलं तर फोडी कडक राहतात, म्हणून शेवटी. आगळात मीठ असतं, तेव्हा चव बघूनच वरचं मीठ घाला. आगळ नसेल तर लिंबू चालेल, पण बार्देशात राहून घरात आगळ नसावं हे मला पटत नाही. उपासाला करायचं तर मोहरी-हिंगाऐवजी तुपात जिरं, बाकी ज्याच्या त्याच्या घरची रीत.

दुकानांत आता केशरी गराची रताळीही मिळतात. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाची अशीच एक जात दिली आहे. त्या केशरी रंगात बीटा-कॅरोटीन असतं, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते अंगी लागायला सोबत थोडं तेल-तूप लागतं. म्हणजे आपली फोडणी तिथेही कामाला येते. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना 2016 साली हॉवर्थ बुईस यांच्याबरोबर जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ही केशरी रताळी ओलसर असतात, तेव्हा निथळल्यावर विस्तवावर थोडी जास्त कोरडी करा.

पण मला विचाराल तर भरताला आपली मळ्यातली पांढऱ्या गराची रताळीच हवीत. आणि ती मिळायची तर मळे पिकते राहायला हवेत. भात कापल्यावर जमीन नुसती पडून राहते, वर्षा-दोन वर्षांत झुडपं माजतात, आणि मग ती कुणीतरी विकत मागतो. एक वाफा रताळ्यांचा लावा हो. वेलाचे तुकडे खोवले तरी रुजतात, फार मेहनत नाही.

कच्ची रताळी फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने ती आतून कडक होतात आणि कितीही शिजवलं तरी मध्ये गाठ राहते. टोपलीत, वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवा. भरीत उरलं तर मात्र ते खुशाल फ्रीजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी त्यात थोडं तांदळाचं पीठ मळून, रवा लावून तव्यावर चपट्या टिक्क्या भाजा. सकाळच्या पेजेबरोबर चांगल्या लागतात.

नमस्कार.